नायक फासावर, जमात वेठीला

आटपाडीच्या माणदेशात काय किंवा पुण्याच्या मावळतीला काय, दख्खनच्या गावगाड्यात चोरी झाली की हाक रामोशाला जाई. उजाडायच्या आत तो पाऊलखुणा हेरायचा आणि माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग पलीकडच्या शिवारात शिरला की पुढची जबाबदारी त्या गावच्या रामोशाची. अलीकडेच हरवला, तर भरपाई याच्याच गळ्यात. त्या बदल्यात सुगीला खळ्यावरचे धान्य मिळे, कुठे इनामाचा तुकडाही असे. हा सारा व्यवहार कागदापेक्षा पतीवर चालत असे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारने खर्चाचा हिशेब मांडला. त्यात किल्ल्यांचे जुने पहारेकरी फाजील ठरले. पुरंदरच्या रामोशांचे पिढीजात हक्क गेले. ७ सप्टेंबर १७९१ रोजी भिवडीत जन्मलेला उमाजी नाईक खोमणे याच पहारेकऱ्यांच्या घरातला. तुरुंगात असताना तो लिहायला-वाचायला शिकला. त्याच्या टोळीने दरोडे घातले, माणसे मारली, हे झाकण्याचे कारण नाही. पण ज्या सरकारने आधी करार मोडला, तेच दरोडा कुठला आणि बंड कुठले हे ठरवणार होते. मध्यंतरी त्याच सरकारने त्याला माफी देऊन चाकरीतही घेतले. पुढे १८३१ मध्ये त्याने कंपनीविरुद्ध जाहीरनामा काढला. अखेर त्याच्याच भोवतीची माणसे फुटली. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशने लगेच, १८३३ साली, रामोशांवर पुस्तक लिहिले. पराभूताची हकीकत जेत्याच्या दप्तरात जमा झाली.

असाच सामना दूर सोमालीलँडमध्येही झाला. तिथे सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन १८९९ पासून वीस वर्षे इंग्रजांशी झुंजला. इंग्रजांनी त्याला वेडा मुल्ला ठरवले. १९२० मध्ये त्याच्या गढ्यांवर विमानांतून बाँब पडले आणि त्याच वर्षी तो आजाराने गेला. मात्र तो मोठा कवी होता. त्याच्या कविता तोंडोतोंडी टिकल्या, म्हणून त्याची बाजू त्याच्याच शब्दांत ऐकायला मिळते. उमाजीच्या वाट्याला ते भाग्य फारसे आले नाही. तरी दोन्हीकडे इंग्रजांची रीत एकच दिसते: नायकाला एकटा पाडायचा, भाऊबंदकीचा फायदा घ्यायचा, मग उरलेल्यांना धाकात ठेवायचे.

आपल्याकडे त्या धाकाला कायद्याचे रूप आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले, आणि १९११ मध्ये त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आजही आहेत. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये धर्मा रामोशी भेटतो. नाईकांच्या पहाऱ्याचा रुबाब त्याच्यापाशी शोधून सापडत नाही, दिसते ते दारिद्र्य आणि त्यातही जपलेली माणुसकी.

हा कायदा अंमलात असतानाच आटपाडीच्या माळावर अगदी उलटा प्रयोग सुरू झाला. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. भवानराव पंतप्रतिनिधींच्या या संस्थानात १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथे बेड्यांविना शेती करीत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचला. म्हणजे शाबीत गुन्हेगारावर एक छोटे संस्थान विश्वास टाकत होते आणि ज्याने काहीच केले नाही अशा पोराला एक साम्राज्य जन्मापासून संशयित मानत होते.

उमाजीला आद्य क्रांतिकारक म्हणून हार घालणे आज सोपे आहे, त्याला कुणाची हरकतही नसते. पण त्याचे भांडण मोडलेल्या हक्कासाठी आणि गेलेल्या पतीसाठी होते. जयंतीच्या मिरवणुकीने ती पत परत येत नाही. त्यासाठी जमीन, शिक्षण आणि चौकीत मिळणारी वागणूक यांचा हिशेब द्यावा लागतो. तो देण्याचे काम आता कंपनी सरकारचे नाही, आपले आहे.