साक्ष आणि तपशील

कोल्हापूर, मिरज, सांगली या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेच्या वेळी किंवा घरच्या प्रार्थनासभेत कुणीतरी उठून साक्ष देते. विषय साधेच असतात: आजारपण, चुकलेली एसटी, ऐनवेळी भरली गेलेली फी, आईने शेजारणीला दिलेले वाटीभर पीठ. शेवटी त्यातून एक धडा काढला जातो आणि सगळे 'आमेन' म्हणतात. शिकलेला माणूस या प्रथेकडे थोडे हसून पाहतो, आणि त्याचे हसणे अगदीच अनाठायी नाही. एसटी चुकली म्हणून अपघातातून वाचलो, ही देवाची कृपा मानली, तर त्याच एसटीत जागा मिळालेल्यांचे काय, हा प्रश्न त्या सभेत कुणी विचारत नाही. आठवण सांगणाऱ्याच्या सोयीने वळते, आणि हवा तो धडा तिच्या तोंडी घालता येतो. तरीही रोजच्या जगण्यातल्या आठवणीतून श्रद्धेचे काही कळूच शकत नाही, असे मला वाटत नाही. कळते, पण एका अटीवर: आठवणीतला जो तपशील धड्याला अडचणीचा आहे, तो सांगणाऱ्याने गाळता कामा नये.

मराठीत या अटीला उतरलेला सर्वांत मोठा पुरावा लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हा आहे. पुस्तकाचा पहिला भाग 1934 मध्ये आला. पती नारायण वामन टिळकांचे चरित्र लिहायला साहित्य हवे, म्हणून मुलाच्या आग्रहावरून हे लेखन सुरू झाले होते. म्हणजे थोर धर्मांतरिताची गौरवगाथा होण्याची पुरेपूर सोय होती. झाले उलटेच. टिळक तापट, लहरी, हाती आलेला पैसा वाटून टाकणारे दिसतात, आणि बायकोची त्यांच्यापायी झालेली फरफटही दिसते. मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे लक्ष्मीबाईंचे सोवळेवेडे वडील सुरुवातीलाच भेटतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात हात, प्याले आणि तांब्याची भांडी धुण्यावरून येशूचा परुश्यांशी वाद होतो. कुणाही प्रवचनकाराने हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून टाळ्या मिळवल्या असत्या. लक्ष्मीबाई तो मोह टाळतात, वडिलांकडे हसतहसत पण मायेने पाहतात. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात त्यांच्या मनाने आधी जेवणाचा आणि पाण्याचा विटाळ सोडला, सिद्धांत मागाहून आला. श्रद्धा आधी स्वयंपाकघरात बदलली, हे लक्ष्मीबाईंनी प्रामाणिकपणे तसेच नोंदले, म्हणूनच ख्रिस्ती नसलेला वाचकही त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

यावर मंडळीतलाच एखादा कडवा वाचक म्हणेल, श्रद्धेचा पाया पवित्र शास्त्र आहे, कुणाच्या घरच्या गोष्टी नव्हेत. आक्षेप वजनदार आहे, पण शास्त्रच त्याला पुरती साथ देत नाही. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीपात्रातले बारा धोंडे उचलून आणायला लावले, ते पुढे मुलांनी 'हे कशाचे?' म्हणून विचारावे यासाठी. अनुवादाच्या पुस्तकात परक्यांशी नीट वागण्याचा हुकूम येतो, तोही 'तुम्ही मिसरात परके होता' या आठवणीच्या जोरावर. इथे आठवण ऐकणाऱ्याची मान ताठ करत नाही, खाली घालायला लावते. दृष्टांतांचेही तसेच. पिठात कालवलेले खमीर आज आपल्याला गोड, घरगुती उदाहरण वाटते. पण वल्हांडणाच्या सणात ज्या घरांतून खमीर शोधून बाहेर काढत, त्या घरांतल्या माणसांना देवाचे राज्य खमिरासारखे आहे हे ऐकताना खटकलेच असणार. त्या खटकण्यातच दृष्टांताचा जोर आहे. आपल्या साक्षी ते खटकणे आधीच घासून टाकतात.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो, आणि कोल्हापुरात तो जुना आहे: ही माणसे भाकरीसाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी बाटली. मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभे केलेले इस्पितळ दक्षिण महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत झाले. तेव्हा उपकार आणि उपदेश एकाच दारातून आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भाकरीची आठवण श्रद्धेहून हलकी का मानायची? प्रभूच्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितली आहे. ज्याला गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याला कुणी हाताला धरून बाकावर बसवले, तर त्याच्यापुरता तोच धर्मविचार होता. इथली सामाजिक हवा समजायची तर शाहू महाराजांना सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्यासाठी 1919 मध्ये हुकूम काढावे लागले, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा प्यावा लागला, एवढे आठवले तरी पुरे.

मात्र हा आक्षेप परतवताना मंडळ्या आपली आठवण फार स्वच्छ करून घेतात. वाइल्डर यांचे धैर्य सांगितले जाते. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेशी त्यांचे बिनसले, ते स्वतंत्रपणे काम करत राहिले आणि 1870 मध्ये कोल्हापूरचे मिशन प्रेस्बिटेरियनांकडे गेले, हे सहसा कुणी सांगत नाही. भांडण सांगितले तर माणूस लहान होईल, ही भीती असावी. मला ती भीती अविश्वासाचीच वाटते: देवाचे काम हट्टी, भांडकुदळ माणसांच्या हातून झाले, यात कृपेची बाजू उलट अधिक बळकट होते. जातीचेही असेच. बाप्तिस्म्यानंतरही सोयरीक जुळवताना जुनी जात विचारली गेली, हे मराठी ख्रिस्ती समाजात सर्वांना ठाऊक आहे. विटाळ स्वयंपाकघरात सुटला असेल, पण लग्नाच्या बोलणीत तो टिकला, हे सांगणारी साक्ष व्यासपीठावरून मी मागतो तेव्हा मला वाद नको असतो. त्या साक्षीशिवाय भाकरीचा आक्षेप घेणाऱ्याला आपल्याकडे अर्धेच उत्तर आहे.