बाळाच्या नावाने मागावे काय?

देण्याविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ लिहिले. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मागण्याविषयी मात्र विचार थोडा झाला, आणि जो झाला तो बहुतेक मागणाऱ्याला लाजविणाराच. स्वाभिमानी माणसाने मागू नये, एवढ्यावर आपण तो विषय संपवितो. परंतु मागणारा स्वतःसाठी मागत नसून, ज्याला अद्याप तोंडच फुटलेले नाही अशा जिवासाठी मागत असेल तर? तेथे हा नियम लागतो काय? वाचकहो, या प्रश्नाचा थोडा विचार करू.

प्रश्न उगाच काढलेला नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडकडे, चाकणच्या पट्ट्यात, अलीकडे एक नवी रीत दिसू लागली आहे. पहिलटकरणीच्या डोहाळजेवणाचे वा बारशाचे आमंत्रण येते, आणि त्याबरोबर मोबाइलवर एक यादीही येते: बाळासाठी या या वस्तू हव्यात, ज्याला जी जमेल ती त्याने कळवावी. विलायतेत दुकानदारच अशा याद्या ठेवतात म्हणे. खराबवाडीला भाड्याच्या खोलीत राहणारा, चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा मराठवाड्यातला एक तरुण कीर्तनानंतर आमच्यापाशी बसला. म्हणाला, "महाराज, बायको म्हणते यादी करू. तिच्या बहिणीला बारशात सतरा झबली आली, पण अंग पुसायला धड पंचा नव्हता. आई म्हणते, आपल्या घराण्यात कुणी हात पसरला नाही, आता पोटातल्या लेकराच्या नावानं भीक मागता का? चूक कोणाची म्हणायची?"

पाठशाळेत आम्हांस शिकविले की आधी पूर्वपक्ष नीट मांडावा. तो दुबळा करून मांडला तर सिद्धान्तही दुबळाच होतो. म्हणून म्हातारीची बाजू आधी पाहू.

ती म्हणते त्यात पुष्कळ तथ्य आहे. भेट ही देणाऱ्याच्या मनातून यावी; यादी पाठविली की तिची पट्टी होते. शेजारणीने पाच हजारांची गाडी दिली आणि गावाकडच्या मावशीला दोनशेचे टोपडेच परवडले, तर मावशी बारशाला तोंड चुकवील. शिवाय आहेर हे आपल्याकडे कर्जच असते. आज घेतले ते उद्या फेडावे लागते, आणि तेही थोडे वाढवून. कंत्राटी मजुराने हे कर्ज का अंगावर घ्यावे? आणि मागण्याची एकदा सवय लागली की गरजेची हद्द राहत नाही. आज बाळाचा पाळणा, उद्या बापाची हौस. हा पूर्वपक्ष. तो सहज उडवून लावण्याजोगा नाही.

आता उत्तर ऐका. यादी नवी नाहीच मुळी! आपला बाळंतविडा म्हणजे दुसरे काय? झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, बाळंतिणीला साडी-चोळी. आणि डिंक, खारीक, खोबरे, अळीव, सुंठ, ओवा, बाळंतशोपा. ही यादीच आहे. ती कागदावर नव्हती, आजी-मावशांच्या तोंडी होती, एवढाच फरक. पहिले बाळंतपण माहेरी. तेथे कोणी काय आणायचे हे न बोलता ठरलेले असे. पाळणा तर एकच असायचा, तो भावकीत फिरायचा. पहिले कपडे जुन्या धुवट लुगड्याचे, कारण नवे कापड कोवळ्या अंगाला टोचते. कोणी मागत नसे, कारण सगळ्यांना माहीत असे. मागणे नसणे हा तेथे कोणाचा स्वाभिमान नव्हता. तो शेजार होता.

तो शेजार आज कोठे आहे? लातूर, बीड, बुलढाणा, झालेच तर बिहार, इतक्या ठिकाणची माणसे म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या चाळींत येऊन राहिली आहेत. भिंतीपलीकडच्याचे नाव ठाऊक नाही. काय हवे हे सांगणारी मावशी तीनशे-चारशे किलोमीटरांवर. अशा वेळी जे तोंडी होते ते लिहून काढले, तर त्यास भीक म्हणणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. जाणती माणसे दूर गेली, म्हणून जाणीव कागदावर उतरली, इतकेच.

तेव्हा यादी करावी की नाही, हा खरा वाद नव्हे. यादीत काय लिहावे, हा खरा वाद. आणि येथे धर्माचा एक साधा नियम लागू पडतो. दुसऱ्याच्या नावाने जो मागतो तो विश्वस्त असतो. देवस्थानचा विश्वस्त देवाच्या पैशाने स्वतःच्या घराला रंग देत नाही. आणि देवाच्या गाभाऱ्याला गळती लागली असता, मागायची लाज वाटते म्हणून गप्पही बसत नाही. आईबापही बाळाचे विश्वस्तच. त्यांनी स्वतःच्या मिरवण्यासाठी एक वस्तू घालणे जसे गैर, तसेच संकोचाने बाळाच्या जिवाला जरूर असलेली वस्तू गाळणेही गैर. सासूबाईंना पहिला दोष दिसतो; सुनेला दुसरा. दोघीही खरे बोलतात.

मिरवण्याच्या वस्तू ओळखाव्यात कशा? ती वस्तू बाळाच्या अंगासाठी आहे की पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी, एवढे विचारावे. चाके लावलेला पांगुळगाडा घ्या. बसवला की लेकरू घरभर धावते, पाहुणे हसतात. पण त्यात बसवून मूल लवकर चालू लागत नाही. उलट जिन्यावरून, उंबऱ्यावरून कलंडते, गरम भांड्यापर्यंत पोहोचते. कॅनडा देशाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. तीच गोष्ट झालरीच्या गादीची, मऊ उशांची आणि आपल्याकडच्या मोहरीच्या उशीचीही. तान्हे बाळ उताणे, सपाट व टणक अंथरुणावर, उशीवाचून, तोंडाजवळ जाड दुलई वा खेळणी न ठेवता निजवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे जे दिसायला साधे तेच बाळाला सुखाचे. यात पैसेही वाचतात, पण ते मुख्य कारण नव्हे.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे जुने ते सारे चांगले, असेच ना महाराज? नव्हे. येथे फार सावध राहिले पाहिजे. जातकर्म संस्कारात नवजात बालकाला मध-तूप चाटविण्यास गृह्यसूत्रांनी सांगितले आहे, ते आम्ही लहानपणी पाठ केले. आज वैद्यक असे सांगते की मधात एका जंतूचे बीज असू शकते व वर्षाच्या आतील मुलाला त्यापासून घातक विकार होऊ शकतो. मग काय करावे? शास्त्राचा हेतू बाळाचे आयुष्य वाढावे हा होता. तो हेतू ज्याने साधतो ते आज करावे. अक्षर धरून हेतू मारू नये. काजळाचेही तसेच. डोळ्यांत घालावयाच्या काजळात शिसे असण्याचे भय असते. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरी ओवाळा ना, डोळा कशाला पणाला लावता? आणि नवे ते वाईट असेही नाही. १९५४ साली याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीन येथे बनू लागले. बाळंतज्वराने आया जात त्या काळची आठवण ज्या घरांत आहे, त्यांना हे औषध म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

आता संकोचाने वा अज्ञानाने गाळल्या जाणाऱ्या वस्तू पाहा. आमच्या या पट्ट्यात बजाजच्या दुचाक्या होतात, महिंद्र, फोक्सवागन, मर्सिडीज यांच्या मोटारी होतात. त्या जोडणारा कामगार स्वतः मात्र बायको आणि मांडीवरचे मूल घेऊन, जड मालमोटारींच्या गर्दीतून, दुचाकीवर जातो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटारीतील मुलांना पट्टा वा बालखुर्ची यांचे बंधन आले. २०२२ च्या नियमांनी दुचाकीवरील चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा-पट्टा आवश्यक केला. नऊ महिन्यांपासून पुढच्या मुलाला शिरस्त्राण, आणि वेग ताशी ४० किलोमीटरांच्या आत. त्याहून लहान जिवाची मान शिरस्त्राण पेलत नाही. म्हणून त्याला दुचाकीवर न नेणे हेच बरे. आता सांगा, सतरा झबल्यांत हा पट्टा कोणी दिला काय? दवाखान्यातून घरी यायचे रिक्षाभाडे कोणी आहेर म्हणून दिले काय? डासांची जाळी, ताप मोजायची नळी, चार धुवट पंचे, बाळंतिणीच्या चार दिवसांच्या जेवणाचा डबा, या गोष्टी मिरवत नाहीत, म्हणून त्या कोणाला सुचत नाहीत. त्या लिहून मागण्यात कमीपणा कसला?

दुधाच्या बाटलीविषयीही दोन शब्द. पहिले सहा महिने आईचे दूध पुरे, वरचे पाणीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशाने १९९२ साली कायदा करून बालदुधाच्या डब्यांची व दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात बंद केली, २००३ साली तो अधिक कडक केला. ज्या माउलीला अडचण आहे तिने डॉक्टरांच्या सांगण्याने वरचे दूध खुशाल द्यावे. तिला कोणी टोमणा मारू नये. परंतु कोणी न विचारता बाटल्यांचा संच आहेरात देणे हे बरे नव्हे.

समाजाने मिळून यादी करावी, याचेही दाखले आहेत. फिनलंड देशात १९३८ पासून गरीब आयांना व १९४९ पासून सर्वच आयांना सरकारकडून एक पेटी मिळू लागली. तीत बाळाचे कपडे, अंथरूण, आणि ती पेटीच बाळाचा पहिला बिछाना. अट एकच: चौथा महिना संपण्यापूर्वी आईने तपासणी करून घ्यावी. श्रीमंत-गरीब सर्वांची मुले तशाच पेटीत निजू लागली. कोणाला लाजायचे कारण उरले नाही. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०१९ साली सरकारी दवाखान्यांतील पहिलटकरणींसाठी कपडे, मच्छरदाणी, तापमापक वगैरे असलेला संच देण्याची योजना आणली. शासनाने दिले तर ती योजना, आणि नातलगांकडे मागितले तर ती भीक, असा भेद कसा करावा?

आणि वारकऱ्यांना तर हे सांगायला नको. दिंडीची कढई कोणा एकाची नसते. दर वर्षी तीच कढई, तिच्यावर शेकडो जेवतात, आणि वारी संपली की ती पुढच्या वारीसाठी नीट धुऊन ठेवतात. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते, त्या वाटेवरच्या सोसायट्यांत आज किती पाळणे, किती बाबागाड्या माळ्यावर धूळ खात असतील! एकाचे मूल मोठे झाले की पाळणा दुसऱ्याकडे जावा. अपवाद एवढाच की अपघात सोसलेली बालखुर्ची वा झिजलेला पट्टा दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये. बाकी जुने देण्या-घेण्यात कमीपणा नाही; आपण सारे पहिल्या दिवशी आजीच्या जुन्या लुगड्यातच गुंडाळले गेलो होतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दुकानात नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात, १९७८ च्या सुमारास, दवाखान्यात उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या. तेथील डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधली. बाळे जगली, वाढली. आज ती रीत जगभर चालते. ऊब विकत घेता येत नाही असे आम्ही म्हणत नाही. पेटी हवी तेथे पेटीच हवी. पण आईची छाती मोकळी राहावी लागते, आणि तिला मोकळी ठेवायला दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतात. पूर्वी ते हात माहेरी होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा झाली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक झाले. पण भाड्याच्या खोलीतल्या बाळंतिणीला रात्री तीन वाजता पाणी कोण देणार, हे कायदा सांगू शकत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की यादीत वस्तूंच्या वरती हे लिहावे: कोणी आठ दिवस येऊन राहील काय? कोणी दुपारी दोन तास बाळ धरील काय, म्हणजे आई निजेल? मावशीपाशी पाच हजार नसतील, पण आठ दिवस असतील. अशी यादी केली की गरीब मावशी तोंड चुकवीत नाही. ती सर्वांच्या आधी येते.

म्हातारीच्या पूर्वपक्षातले जे खरे होते, तेही याने राखले जाते. किमती लिहू नयेत; महाग वस्तू चौघांनी मिळून द्यावी; काहीच न देणाऱ्याला आशीर्वादासाठी तितक्याच आदराने बोलवावे; आणि परतफेडीची वही ठेवू नये. इतके पाळले तर ते मागणे याचना राहत नाही.

शेवटी देणाऱ्यांना एक विनंती. आपल्यांपैकी पुष्कळ जण या महिन्यात कोठे ना कोठे बारशाला जाल. दुकानात शिरण्यापूर्वी त्या पोरीला फोन करा आणि विचारा, "बाई, तुला काय कमी पडतंय?" ती संकोचेल, "काही नको" म्हणेल. मग दुसऱ्यांदा विचारा.