उन्हानें सांवळलेली वधू

शास्त्रपाठ : गीतरत्न १ : ५, ६

ह्या शास्त्रपाठांतील वधू यरुशलेमेच्या कन्यांपुढें आपला वर्ण लपवीत नाहीं. भावांनीं तिला द्राक्षमळे राखावयास लाविलें, उन्हानें तिची कांति सांवळली, आणि इतर स्त्रिया तिच्याकडे टक लावून पाहूं लागल्या. हें सर्व ती उघड सांगते. तरीही आपण सुंदर आहों असें म्हणावयास ती कचरत नाहीं.

कांदा खुरपणाऱ्या व ऊस तोडणाऱ्या आपल्या मुलींस तिचें बोलणें चांगलें समजेल. परंतु त्यांस हिणविणारी नजर आज त्यांच्या हातांतील मोबाइलमधून येते. इन्स्टाग्राम २०१० सालीं निघालें. त्यावर दिसणारा चेहरा पुष्कळदां खरा नसतो. फिल्टर नांवाची युक्ति एका क्षणांत त्वचा उजळ करिते, नाक बारीक करिते, डोळे मोठे करिते. मग खऱ्या आरशापुढें उभी राहिलेली मुलगी आपल्याच चेहऱ्यास दोष देऊं लागते. ज्या चित्रापाशीं ती अधिक वेळ थांबते, तसलींच चित्रें तें यंत्र तिच्यापुढें पुनः पुनः आणितें. कारण तिचें तेथें थांबणें हाच त्या व्यापाऱ्याचा नफा होय.

हें आम्ही उगीच म्हणत नाहीं. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीनें स्वतः केलेली चौकशी २०२१ सालीं उघडकीस आली. ज्या किशोरवयीन मुलींस आपल्या शरीराविषयीं आधींच वाईट वाटत होतें, त्यांपैकीं शेंकडा ३२ जणींनीं इन्स्टाग्राममुळें तें दुःख वाढतें असें सांगितलें. नॉर्वे देशांत तर जाहिरातींतील मनुष्याचा बांधा किंवा त्वचा बदलून दाखविली असल्यास तशी खूण करावी, असा कायदा २०२२ सालापासून लागू आहे.

तथापि सर्व दोष मोबाइलच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं नये. हें बीं त्यानें पेरलें नाहीं. तो त्यास पाणी मात्र घालितो. फेअर अँड लव्हली हें मलम आपल्या देशांत १९७५ सालीं, म्हणजे मोबाइलच्या पुष्कळ आधीं आलें. २०२० सालीं त्याच्या नांवांतून ‘फेअर’ हा शब्द गेला. लोकांच्या मनांतून तो गेला काय? मूल जन्मतांच त्याचा रंग विचारितात. स्थळ पाहतांना मुलगी उजळ आहे ना, असें विचारितात, आणि सांवळीच्या बापापाशीं अधिक हुंडा मागतात. अशा बोलण्यानें खचलेली मुलगी बाजारांतून मिळेल तें मलम आणिते. त्वचा उजळ करणाऱ्या कित्येक मलमांत पारा सांपडला आहे, आणि पाऱ्यानें मूत्रपिंडें बिघडतात. एका शब्दाची किंमत किती मोठी पडते, हें पाहा!

नटणें हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. फुलांस रंग देणाऱ्या देवानेंच सौंदर्य निर्माण केलें. परंतु ज्यानें आपणांस आपल्या प्रतिरूपाप्रमाणें घडविलें, त्याच्या हातच्या कामास बाजाराच्या मापानें उणें ठरविणें हा त्या कर्त्याचा अपमान आहे.

म्हणून उपदेशकांनो, तरुण मुलांमुलींस एकत्र बसवून एकच चित्र फिल्टर लावून व फिल्टर काढून दाखवा. कपट डोळ्यांनीं दिसलें म्हणजे त्याचा जोर ओसरतो. मातांनो, थट्टेनें देखील लेकीस काळी म्हणून हिणवूं नका. मुलींनो, चित्रें पाहून मन उदास होऊं लागलें तर मोबाइल खालीं ठेवा, आणि तें दुःख एकटीनें न गिळतां आईस, थोरल्या बहिणीस किंवा उपदेशकाच्या पत्नीस सांगा.

आणि येत्या लग्नसराईंत पाहुणे मुलगी पाहावयास येतील, तेव्हां रंगाचा प्रश्न निघतांच त्यास नम्रपणें पण ठामपणें अडविणारा एक तरी मनुष्य त्या बैठकींत असावा. आणि तो प्रभूच्या मंडळींतील असावा. आमेन.