कोऱ्या कॅनव्हाससमोर



आज सकाळी चहा ओतताना कपाची बशीवर पडलेली सावली पाहिलीत? घाईत राहूनच जातं.

चित्रकार प्रभाकर बरवे अशाच साध्या वस्तूंपाशी थांबले. १९३६ साली जन्मलेले बरवे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे विणकर सेवा केंद्रात नोकरी करता करता त्यांनी चित्रं काढली. घड्याळ, झाडाचं पान, शिंपला अशा आपल्या रोजच्या पाहण्यातल्या गोष्टी त्यांच्या चित्रांत येतात. पण मोकळ्या अवकाशात अशा मांडलेल्या, की ओळखीची वस्तूही नव्यानं भेटावी.

बरवे डायऱ्या लिहीत. त्यात शब्द असत, रेखाटनं असत, मनात नुकतंच उगवलेलं काहीबाही असे. १९९० साली त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं. नावातच किती आश्वासन आहे! कोरेपण म्हणजे रितेपण नव्हे.

कलाकाराची प्रगती रोज कॅनव्हासवर दिसतेच असं नाही. कैरीच्या फोडींना मीठ-मसाला लावला, की बरणीचं तोंड बांधून वाट पाहावी लागते. बाहेरून काही घडताना दिसत नाही; आत लोणचं मुरत असतं. पाहिलेलंही तसंच मुरतं.

म्हणून आज एक करू या. घरातली एखादी वस्तू, अगदी दाराची कडी का असेना, मिनिटभर नुसती न्याहाळू या. हातात कुंचला नसला तरी चालेल. पाहणं ही चित्राची पहिली रेघ असते.