दोर कोणाच्या कमरेला

बुलढाणा जिल्ह्यात कुदळ मारली की खालून काय निघेल याचा नेम नाही. मेहकरला १८८८ साली खोदकामात शारंगधर बालाजीची भली उंच मूर्ती सापडली. सिंदखेडराजाला जून २०२४ मध्ये लखुजी जाधवरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं जतनाचं काम चाललं होतं, तर मातीखाली दगडी मंदिराचा सभामंडप लागला आणि दोन मीटरहून जास्त खोलीवर लक्ष्मीसह शेषशायी विष्णू. लोणारला तर आख्खं विवरच आहे. उल्केनं काळ्या पाषाणात पाडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. गावाचं म्हणणं मात्र वेगळं. लवणासुर तिथं जमिनीखाली दडून बसायचा, विष्णूनं दैत्यसूदन होऊन पायाच्या अंगठ्यानं त्या बिळाचं झाकण उडवलं, ते लांब धातेफळला जाऊन पडलं.

असं दडलेलं काही दिसलं की ते बघायची हौस काहींना आवरत नाही. विज्ञानकथांत असा एक कप्तान हमखास भेटतो. अंतराळात जुनं, ओसाड यान तरंगताना दिसतं आणि हा त्यात शिरायला उतावीळ होतो. बाकीचे नको नको म्हणतात, हा ऐकत नाही. आपल्याकडे असा कप्तान बैलांच्या पुढं चालत यायचा. त्याला तांड्याचा नायक म्हणत. गोष्ट त्याची आणि त्याला सापडलेल्या एका बारवेची आहे. गोष्टच असल्यामुळं नायकाचं नाव आणि बारवेचा गट नंबर कोणी विचारू नये.

मलकापूर-शेगावकडं रेल्वे यायच्या आधीचे दिवस. लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर गोणी लादून माळव्यापासून वऱ्हाडापर्यंत फिरायचे. येताना धान्य आणायचं, परतीला लोणारच्या विवरातला खार भरायचा. हा खार पापडात चालायचा, साबणात चालायचा, काचेलाही लागायचा. काच आणि साबणाचं सामान इथं मिळतं, हे अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’तही नोंदलेलं आहे.

आपला नायक मोठा धाडसी होता. पाण्याच्या शोधात तांड्याच्या पुढं कोसभर तोच जायचा. घाटातली नवी वाट त्यानंच काढलेली. दुष्काळात कोरड्या नाल्यात कुठं खणलं की पाणी लागेल, हे त्याला कळायचं. त्याच्या या हौसेवर तांडा जगला होता. म्हणून त्याच्या हौसेला नावं ठेवण्यात अर्थ नाही, आणि तांड्यात कोणी ठेवतही नव्हतं.

चैत्र सरत आला होता. खाराच्या गोणी भरून व्हायच्या होत्या. चारा बघायला गेलेल्या नायकाला बोराटीच्या जाळीत एक कमान दिसली. फांद्या बाजूला केल्या, तर पायऱ्या खाली उतरत होत्या. जुनी बारव. वापर सुटून किती पिढ्या झाल्या, कोणाला ठाऊक. पायऱ्यांवर पानांचा वीतभर थर, भिंतीत पिंपळाच्या मुळ्या शिरलेल्या आणि तळाशी अंधारात आणखी एक दार. दाराच्या चौकटीवर काहीतरी कोरलेलं. वरून नीट दिसत नव्हतं, आणि नीट दिसत नव्हतं हेच नायकाच्या डोक्यात बसलं.

शेरडं चारणारा एक म्हातारा काठीवर रेलून बघत होता. तो म्हणाला, “नायक, खाली जाऊ नोका बाप्पा. दैत्याचं बीळ हाय ते. माह्या दोन बकऱ्या आत गेल्या, वापस नाही आल्या.”

नायक हसला. “दैत्याला भिणारा तांडा कसा हाकेल?”

तो परतला तो माणसं आणि दोर घेऊनच. मागोमाग त्याची याडीही आली. याडी म्हणजे आई. तिच्या हातात तेलाचा दिवा होता.

“दिवा कशाला? ऊन आहे,” नायक म्हणाला.

“तुला बघायचंय ना? आधी दिव्याला बघू दे.”

तिनं दिवा पेटवला, सुतळीला बांधला आणि बारवेच्या तोंडावरून हळूहळू खाली सोडला. वरच्या पायऱ्यांपाशी ज्योत सरळ होती. सातव्या पायरीच्या जरा खाली ती बारीक झाली आणि गेली. याडीनं दिवा वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच गेला.

“वारा असेल,” नायक म्हणाला.

याडीनं ओढणीचा एक दोरा उसवून सुतळीला बांधला आणि सोडला. दोरा सरळ लोंबत राहिला. जराही हलला नाही.

“दैत्य आहे की नाही मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण या म्हाताऱ्याच्या बकऱ्या मेल्या आणि माझा दिवा विझला, एवढं खरं.”

मला या बाईचं कौतुक वाटतं ते इथं. गावकऱ्यांचं कारण चुकीचं असेल, पण त्यांनी पाहिलेलं चुकीचं नव्हतं. आपण शिकलेली माणसं भुताची गोष्ट ऐकली की हसतो, आणि त्या हसण्यात बकऱ्याही उडवून लावतो. बंद बारवेत पाला-गाळ कुजतो. हवेतला प्राणवायू त्यात खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. उतरणाऱ्याला चार पायऱ्या काही वाटत नाही, पाचवीला गुडघे मोडतात. त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या वाकडीला शेणाच्या स्लरीसाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडलं. ते काढायला एकामागून एक माणसं उतरली. पाच जण गेले. (याडीचा दिवा आज मात्र वापरू नये. गोबरगॅसच्या खड्ड्यात किंवा गटारात मिथेन असला तर दिव्यानंच भडका उडतो. त्यासाठी वायू मोजायचं यंत्र असतं, अग्निशमन दलाला बोलवावं.)

नायकाला हे रसायन माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं एवढंच की चौकटीवर काहीतरी कोरलंय आणि खार भरून झाला की इथून निघायचंय. तो माणसांकडं वळला. “कोण उतरतो?”

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळेच तयार. त्याचा भाचा तर पुढंही आला. अंगानं हलका, मिसरूड अजून फुटायचं होतं. नायकानं दोर त्याच्या कमरेला बांधायला घेतला.

“थांब,” याडी म्हणाली. “हौस तुझी, तर दोर त्याच्या कमरेला का?”

“तो आपणहून तयार आहे.”

“तुला ‘नाही’ कोण म्हणतं आजवर? विचारणारा नायक असला की होकार फुकट मिळतो बेटा.”

भाचा खाली बघत राहिला. नायकाचे हात गाठीवर थांबले. पण तो भेकड नव्हताच. त्यानं दोर सोडला, स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि पागोटं काढून ठेवलं. “बरं. मीच उतरतो.”

याडी जिथं उभी होती तिथंच उभी राहिली. “उतर की. फक्त आधी एवढं सांगून ठेव. मेहकरच्या पुढं पैनगंगा कुठं ओलांडायची? घाट उतरताना बैलांना पाणी कुठं दाखवायचं? खामगावच्या सावकाराशी भाव काय ठरलाय? तू वर नाही आलास तर उद्या तांडा न्यायचा कोणी आणि कुठं?”

हे सगळं नायकाच्या डोक्यात होतं आणि दुसऱ्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. इतकी वर्षं याचा त्याला अभिमान वाटायचा. तो बारवेच्या काठावर बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

शेवटी म्हणाला, “म्हणजे बघायचंच नाही?”

“असं कधी म्हटलं मी?” याडी चिडली. “दगड आहे तो, पळून चाललाय का? दिव्याला जाऊ दे आधी. दिवा जाईल तिथवर तू जा.”

मग काम सुरू झालं. बोराटी तोडून बारवेचं तोंड मोकळं केलं. लिंबाच्या डहाळ्यांचे भारे दोराला बांधले आणि खालीवर, खालीवर हलवले, म्हणजे तळाची हवा ढवळून वर यावी. पखालीनं पाणी ओतलं. वरच्या पायऱ्यांवरचा पाला टोपल्यांनी उपसला. संध्याकाळी याडी दिवा सोडायची. तो नवव्या पायरीपर्यंत पोचला, मग अकराव्या. मधेच एका सकाळी उलटा आठवीवर आला, तेव्हा नायकानं टोपली फेकून दिली आणि दुपारनंतर मुकाट्यानं पुन्हा उचलली.

गोणी भरून झाल्या. वळवाचे ढग दिसू लागले. पैनगंगेला पूर यायच्या आत पलीकडं जायला हवं होतं. दिवा अजून तळाच्या दाराशी पोचला नव्हता.

तांड्याचा कारभारी म्हणाला, “चार दिवस थांबू.” नायकाचा चेहरा बघून म्हणाला, एवढंच. नायकानं बारवेकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं आणि निघायला सांगितलं. जाण्याआधी त्यानं दिवा पोचला होता त्या बाराव्या पायरीवर छिन्नीनं खूण केली. दिवा आणि सुतळी शेरडंवाल्या म्हाताऱ्याकडं दिली, आणि कोणी उतरायला निघालं तर आधी काय करायचं, ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. वाटेनं भाच्याला पुढं घेतलं. पैनगंगेचा उतार, घाटातलं पाणी, सावकाराचा भाव, सगळं त्याला सांगत गेला. भाच्याला वाटलं मामाचं काही बिनसलंय.

पुढच्या वर्षी तांडा आला तेव्हा गावानं निम्मी बारव साफ केलेली होती. दैत्यासाठी नाही, पाण्यासाठी. कडक उन्हाळ्यात गावाला पाणी हवंच होतं आणि दिवा असल्यामुळं आता पोरं बिनघोर काम करत होती. दिवा तळापर्यंत जळत गेला. याडीनं तो तिथंच बराच वेळ ठेवायला लावला. मग नायक उतरला, कमरेला दोर, दोराचं टोक भाच्याच्या हातात.

आत गुडघाभर गाळ होता. दोन बकऱ्यांची हाडं होती. वटवाघळं होती. आणि दाराच्या चौकटीवर, बोटभर शेवाळाखाली, समोरासमोर सोंड उचललेले दोन दगडी हत्ती होते. सोनं नाही, नाणं नाही. नायक त्या हत्तींवरून हात फिरवत इतका वेळ उभा राहिला की वरून तीनदा दोर ओढावा लागला.

त्या दोन हत्तींची गोष्ट त्यानं प्रत्येक मुक्कामाला सांगितली. खामगावच्या बाजारात ते चार झाले होते. बऱ्हाणपूरला पोचेपर्यंत सात झाले आणि एकावर अंबारी चढली. याडी ऐकायला बसली असली, की तेवढ्यापुरते पुन्हा दोन व्हायचे.