मुद्दाम

दुपारचं जेवण होऊन तासही झालेला नसतो. दारात आलेल्या शेजारणीला आजी हळू आवाजात सांगतात, "कालपासून पोटात काही नाही गं. देतंय कोण?" शेजारीण बोलत काहीच नाही, फक्त स्वयंपाकघराकडे पाहते. त्या एका नजरेत सुनेवर खटला उभा राहतो आणि निकालही लागतो. आजींचं खरकटं ताट अजून मोरीतच असतं, पण ते पुरावा म्हणून दाखवायला जाणारी सून आणखीच वाईट ठरेल.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरच्यांना हा आजार कितपत कळतो? आपण हा प्रश्न माहितीचा समजतो. लक्षणांची पत्रकं वाटली की जागृती झाली, असं मानतो. मला वाटतं, खरी गाठ एका शब्दात आहे: 'मुद्दाम'. 'मुद्दाम करतात', 'सोयीचं तेवढं बरोबर आठवतं', 'पाहुण्यांसमोर कशा शहाण्यासारख्या वागतात!' हा संशय अगदीच निराधारही वाटत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कुणी काय आहेर केला ते तोंडपाठ, आणि सकाळची गोळी घेतल्याचं आठवत नाही, हे ढोंग वाटणारच. पण स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकारात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला लवकर इजा होते, आणि नवी आठवण रुजवायचं काम प्रामुख्याने त्याचंच. जुनं त्यामानाने बराच काळ टिकतं. आजचं नोंदलंच जात नाही. आजींच्या लेखी ते जेवण झालेलंच नसतं.

आळ येतो तोही सर्वांत जवळच्या माणसावर. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या ऑगस्टे डेटरना तपासलं, त्यांच्या आजाराची सुरुवात नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. नवरा रेल्वेत कारकून. या आजाराला ज्यांचं नाव मिळालं, त्यांच्या पहिल्या नोंदीतही घरातलाच माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

आपल्याकडे या आरोपाला समाजाची साथ मिळते. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना ही लक्षणं ओळखीची वाटली, पण आजार म्हणून नव्हे. कुणाला ते वयोमान वाटलं, कुणाला मुलांनी माया न केल्याचा परिणाम. पहिला समज 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो आणि डॉक्टरकडे जाण्याची गरजच संपवतो. त्यात थायरॉइडचा दोष, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य अशी उपचारांनी सुधारू शकणारी कारणंही तपासायची राहून जातात. दुसरा समज घरावर ठपका ठेवतो. बहुतेक घरांत तो ठपका बाईच्या वाट्याला येतो, कारण ताट वाढणारी, कपडे बदलणारी, रात्री दाराची कडी तपासणारी तीच असते.

'मुद्दाम' हा शब्द सुटतो तो डॉक्टरांनी दहा मिनिटांत समजावल्याने नव्हे, शंभर वेळा हरल्यावर. "माझी आई कुठाय?" असं ऐंशीच्या आजी विचारतात. "आई जाऊन तीस वर्षं झाली," असं खरं सांगितलं की त्यांना ते नव्याने कळतं, त्या नव्याने रडतात. थोड्या वेळात बातमी विसरतात, रडू मात्र मागे उरतं. आयोवा विद्यापीठाच्या २०१४च्या एका अभ्यासात हेच दिसलं: अल्झायमरच्या रुग्णांना दाखवलेली चित्रफीत आठवेना, पण तिने दिलेलं दुःख किंवा आनंद टिकून होता. मग एखाद्या कातरवेळी सून खोडून काढणं सोडते आणि विचारते, "तुमच्या आई आमटी कशी करायच्या हो?" हे खोटं बोलणं आहे का? मला नाही वाटत. आजींच्या प्रश्नात तारखेची चौकशी नव्हती, आईची आठवण होती. उत्तर तिलाच मिळालं.

पण यापुढे आणखी एक खड्डा आहे. 'मुद्दाम नाही, आजारच आहे' हे एकदा पटलं की प्रत्येक तक्रार आजाराच्या खात्यावर जमा होऊ लागते. आजी एकाएकी चिडचिड करतात तेव्हा कवळी टोचत असेल, पोट साफ नसेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल. कधी खरोखरच भूक लागलेली असेल. 'मुद्दाम' म्हणणारा ऐकत नव्हता. 'आजार' म्हणणाराही ऐकेनासा होतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात हरवलेल्या संस्कृत पंडिताला हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा लेकरासारखं सांभाळते. तिला निदान ठाऊक नाही, आणि त्याचा कालचा दबदबाही. घरच्यांची अडचण नेमकी इथे आहे. कालचा माणूस त्यांना पाठ असतो, म्हणून आजचा सतत चुकीचा वाटतो.

हे शहाणपण प्रत्येक घराने एकेकट्याने, वर्षानुवर्षं ठेचा खाऊनच मिळवावं का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. एवढ्यांना तज्ज्ञ कुठून पुरणार? पण अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातच ८१ कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते सहा महिने घरी जात, आजार समजावत, वागणूक कशी हाताळायची ते सांगत. रुग्णांच्या लक्षणांत ठोस फरक पडला नाही. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य मात्र सुधारलं. आजार तोच राहिला, तरी त्याचा जाच कमी करता आला.

गावोगावी आशाताई जातात, अंगणवाडी आहे. बाळाला कसं पाजायचं हे सांगायला आपण माणूस घरी पाठवतो. आजींना कसं उत्तर द्यायचं हे सांगायलाही पाठवता येईल. त्या माणसाने सुनेशी बोलून झाल्यावर दोन मिनिटं शेजारच्या घरीही डोकवावं. म्हणजे पुढच्या वेळी "देतंय कोण?" हे ऐकल्यावर शेजारीण स्वयंपाकघराकडे पाहणार नाही. आजींजवळ टेकेल, आणि सुनेला तासभर बाहेर जाऊन ये म्हणेल.