लेकराला काय कळतंय?

परळीच्या वैजनाथाला जायचं ठरलं की घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, लेकराला काय कळतंय, कशाला त्याचे हाल? प्रश्न वाटतो तितका साधा नाही. खर्चाचा हिशेब तर उलटाच सांगतो. एसटीत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, मार्च २०२३ पासून आईला अर्धं तिकीट, आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडली असेल तर तेही फुकट. पूर्ण पैसे मोजणारा एकटा बापच उरतो. युरोपात राहणारी मराठी कुटुंबंही याच हिशेबाने फिरतात. जर्मन रेल्वे ६ वर्षांखालच्या मुलाचे पैसे घेत नाही, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. मूल लहान आहे तोवर फिरून घ्या, असं बीडमध्येही म्हणतात आणि बर्लिनमध्येही. पण पहिल्या दोन-तीन वर्षांतलं मोठेपणी सहसा कोणालाच आठवत नाही, हे मानसशास्त्राने कधीच नोंदवून ठेवलं आहे. मग मुलाला ना लूव्र आठवणार, ना वैजनाथाची पिंड. अशा प्रवासाचं पुण्य, किंवा साधा उपयोग म्हणा, नेमका कोणाच्या खात्यावर जमा होतो?

परंपरेचं सोपं उत्तर असं की आठवणीशी धर्माला देणंघेणं नाही. बारसं, उष्टावण, जावळ, कान टोचणं हे सगळं मुलाला समज येण्याआधीच उरकतं. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. घाट उतरून-चढून एवढ्या लांब आलेलं तान्हं मूल देवीच्या पायांवर घालताना, त्याने हे लक्षात ठेवावं अशी अपेक्षा कोणी करत नाही. हे उत्तर मला अर्धंच पटतं. त्यात मूल हे नुसतं वाहायची वस्तू होऊन बसतं, ओटीतल्या नारळासारखं. त्यापेक्षा गौतम धर्मसूत्रातली एक तरतूद मोलाची आहे. उपनयन होईपर्यंत मुलाच्या वागण्याला, बोलण्याला, खाण्याला तिथे मोकळीक दिली आहे. उपास नाही, सोवळं नाही, व्रत मोडल्याचा दोष नाही. मुलाने नियमाप्रमाणे वागावं असं शास्त्रच म्हणत नसेल, तर मूल सोबत असताना नियम कोणी सैल करायचा? उघडच मोठ्यांनी. माझं म्हणणं एवढंच आहे की यात्रा मुलाच्या चालीने झाली तरच ती मुलाची होते, आणि तशी झाली तर मोठ्यांचीही ती अधिक खरी होते.

याला आधार एकनाथांच्या कथेत आहे. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही आख्यायिका मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. नाथांची पालखी पैठणहून पंढरीला जाते ती बीड जिल्ह्यातूनच, रायमोहा, पाटोदा करत. त्या वाटेवर ही गोष्ट कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. पण तिचा अर्थ आपण भूतदयेपाशीच थांबवतो. तिथे यात्रा मोडली नाही, थांबण्याच्या जागीच ती पुरी झाली, हा अर्थ जास्त अवघड आहे. दीड-दोन वर्षांचं मूल परळीच्या रुंद पायऱ्या चढतं ते एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मध्येच कोणाच्या हातून पडलेलं बेलाचं पान उचलायला बसतं, आणि वर रांग लागलेली असते. त्या वेळी दंड धरून ओढायचं की आपणही बसायचं, इथे मोठ्या माणसाची परीक्षा आहे. फळावरचा हक्क सोडायला गीता सांगते. तो सोडणं किती जड जातं ते अशा पायरीवर कळतं.

यावर कोणी म्हणेल, मग जायचंच कशाला? घरीच थांबा, मुलाला झोपू द्या. महाशिवरात्रीच्या किंवा श्रावणी सोमवारच्या गर्दीपुरता हा आक्षेप मी बिनशर्त मान्य करतो. त्या रेटारेटीत तान्हं मूल नेणं ही भक्ती नव्हे, हट्ट आहे. आषाढीला पंढरपुरात असंख्य वारकरी कळसाचं दर्शन घेऊन समाधानाने परततात आणि त्यांची वारी कोणी अपुरी म्हणत नाही. परळीत मुलासाठी गाभारा सोडला तर तीच सवलत का नसावी? पण कायमचं घरी थांबा, हा सल्ला ज्याच्या घरी मूल सांभाळायला माणूस आहे त्याचा आहे. बेताच्या कमाईच्या घरात सगळे निघतात किंवा कोणीच निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो याच जिल्ह्यातून येतो. प्रवासाने मूल घडतं असं म्हणणाऱ्यांनी दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, शिरूर कासारकडची गावं पाहावीत. उचल घेतलेली जोडपी मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांची मुलं चालायला लागण्याआधीच शेकडो किलोमीटर फिरलेली असतात. फडात पाचटावर किंवा साडीच्या झोळीत ती निजतात, पहाटे तोड सुरू झाली की त्यांचीही झोप संपते, आणि रात्री गाडी भरायची असली की आईला उठावंच लागतं, मूल रडो की झोपो. हा प्रवास कमी खर्चातला आहे, लांबचा आहे, पण त्याची चाल कारखान्याच्या हंगामाने ठरते. म्हणून नुसतं हिंडणं मुलासाठी चांगलं, हा दावा माझ्या मते टिकत नाही. प्रश्न चाल कोणाची एवढाच आहे. हंगामी वसतिगृहांनी शाळकरी मुलांची थोडीफार सोय होते. अंगावर पिणारं मूल मात्र फडावरच जातं. त्याच्यासाठी कारखान्याने फडाजवळ पाळणाघर चालवावं ही मागणी मला समाजकल्याणाच्या फायलीतली वाटत नाही, ती या धर्मचर्चेतलीच आहे. वैजनाथाच्या पायरीवर मुलासाठी थांबणाऱ्या बापाला ती परकी वाटायचं कारण नाही.